गंजुरानची जमीन

जावा बेटाच्या दक्षिण भागात, योग्यकर्ता शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, गंजुरान नावाची एक वस्ती आहे. बांतुल जिल्ह्यातील सुंबरमुल्यो या गावाचा तो एक भाग. सभोवार भातखाचरे, त्यांच्या कडेने नारळ-केळींच्या परसबागा, आणि त्या झाडीत लपलेली कौलारू घरे. या वस्तीतील चर्चच्या आवारात दगडात बांधलेले एक छोटे मंदिर आहे. त्याची घडण जावातील प्राचीन हिंदू मंदिरांसारखी आहे. 1927 मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि 1930 मध्ये ते येशूच्या पवित्र हृदयाला समर्पित करण्यात आले. गाभाऱ्यातील येशू जावी राजाच्या वेषात सिंहासनावर बसलेला आहे आणि त्याला दिलेले बिरुद असे आहे : ‘साम्पेयान दालेम महा प्रभु येसुस क्रिस्तुस, पांगेरानिंग पारा बांग्सा’. म्हणजे ‘महाराजाधिराज येशू ख्रिस्त, सर्व राष्ट्रांचा प्रभू’.

यातील ‘महा प्रभु’ हे शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण खरे मर्म आहे ते ‘साम्पेयान दालेम’ या दोन शब्दांत. दरबारी जावी भाषेतील हे संबोधन आपल्याकडच्या ‘श्रीचरण’सारखे. योग्यकर्त्याच्या सुलतानाच्या नावाआधी तेच लावले जाते. आणि हा सुलतान केवळ राजा नव्हता. गंजुरानच्या शेतकऱ्याच्या पायाखालच्या जमिनीचा तो मालक होता. ज्या लोकांनी या मूर्तीपुढे प्रथम गुडघे टेकले, त्यांच्या कानावर हे संबोधन पडताच जमिनीच्या धन्याची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल, असे मला वाटते. त्या जमिनीची हकीगत सांगण्यासाठीच हा लेख आहे.

योग्यकर्ता हे संस्थान 1755 सालच्या गियांती तहाने अस्तित्वात आले. (या नावात आपली ‘अयोध्या’ दडलेली आहे.) संस्थानातील सारी भूमी सुलतानाची, हे तेथील मूळ तत्त्व. राजघराण्यातील व्यक्तींना आणि अधिकाऱ्यांना पगाराऐवजी जमिनी तोडून दिल्या जात. त्या जमिनीला ‘लुंगुह’ म्हणत, म्हणजे बसण्याची जागा, आसन. हे जहागीरदार राजधानीत राहत आणि गावात त्यांच्या वतीने ‘बेकेल’ नावाचा माणूस वसुली करी. नांगर धरणाऱ्याच्या घरात पिकाचा निम्म्याच्या आसपासच भाग उरे. शिवाय वेठबिगार वेगळी.

बेटाच्या इतर भागांत 1811 ते 1816 या ब्रिटिश अमलात स्टॅमफर्ड रॅफल्सने जमीनमहसुलाची नवी पद्धत आणली. तिची प्रेरणा मद्रास इलाख्यातील रयतवारी होती. पुढे मुंबई इलाख्यात जी रयतवारी रुजली आणि जिच्यातून आपले सातबाराचे उतारे निघाले, तिचीच ही दूरची बहीण म्हणावयाची. संस्थानांना मात्र ही पद्धत लागू झाली नाही. गंजुरानचा शेतकरी आणखी शंभर वर्षे कोणत्याही उताऱ्यावाचून शेती करीत राहिला.

मग ऊस आला. जहागीरदारांना रोख पैसा हवा होता आणि युरोपियनांना जमीन. जहागिरी भाड्याने घेतल्या की जमिनीबरोबर तिच्यावरची माणसेही भाडेकरूच्या हुकमतीत येत, कारण वेठीचा हक्क जमिनीलाच चिकटलेला होता. 1823 मध्ये डच सरकारने असे करार एकाएकी रद्द केले. भरपाईचा बोजा दरबारावर पडला, आणि 1825 ते 1830 या काळात राजपुत्र दिपोनेगोरोने जे युद्ध पेटवले त्याच्या कारणांत हेही एक कारण होते. त्याचे पहिले ठाणे सेलारोंग, हेही बांतुलमध्येच. युद्ध संपल्यावर कारखानदार परतले. 1862 मध्ये गंजुरानजवळ गोंदांगलिपुरो येथे साखर कारखाना उभा राहिला.

या भागातील ऊसलागवडीची रीत वाचकांना ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण ‘स्वतःची जमीन’ हे शब्द येथे किती पोकळ होते ते तिच्यावरून कळते. गावच्या खाचरांचे दोन भाग केले जात. एका भागात कारखान्याचा ऊस, दुसऱ्या भागात गावाचे भात. ठरलेला काळ संपला की अदलाबदल. या फेरपालटीला ‘ग्लेबागान’ म्हणत. शेतकऱ्याने वर्षानुवर्षे बांध घालून, गाळ पसरून सुपीक केलेले खाचर पाळी आली की उसाखाली जाई, आणि ऊस निघाल्यावर परत मिळे ते खोल चरांनी उकरलेले. पुन्हा सारी माती समतल करा, पुन्हा पाणी धरा. अर्ध्या गावाने नेहमी उरलेल्या अर्ध्या जमिनीवर जगावयाचे, हा त्याचा अर्थ.

1912 मध्ये हा कारखाना योसेफ आणि युलिउस श्मुत्सर या दोन भावांच्या हाती आला. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे शिकत असताना ते कॅथलिक सामाजिक विचाराच्या प्रभावाखाली आले होते. तेरावे लिओ या पोपमहाशयांचे 1891 सालचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक त्यांनी केवळ वाचले नाही, ते मनावर घेतले. मजुराला न्याय्य वेतन, मुलांसाठी शाळा, आजाऱ्यांसाठी औषधोपचार ही कामे त्यांनी आरंभली. शाळांत शिकवावयास आले ते मुंतिलान येथील तरुण जावी शिक्षक; येशूसंघीय धर्मगुरू फ्रान्सिस्कुस व्हान लिथ यांच्या विद्यालयात ते घडले होते. याच व्हान लिथ यांनी 1904 मध्ये सेंदांगसोनो येथील झऱ्याकाठी 171 ग्रामस्थांना स्नानसंस्कार दिला होता आणि जावी ख्रिस्तसभेचा पाया घातला होता. 1924 मध्ये गंजुरानला चर्च उभे राहिले. युलिउस यांच्या पत्नी कॅरोलिन यांच्या पुढाकाराने सुरू झालेली रुग्णसेवा पुढे इस्पितळांच्या रूपाने वाढली. योग्यकर्ता शहरातील ‘पांती रापिह’ हे त्यांतलेच एक.

या कुटुंबाविषयी गंजुरानमध्ये आजही कृतज्ञतेने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. तरीही एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये न्याय्य मजुरीइतकेच दुसरे एक सूत्र आहे : श्रमिकाने काटकसरीने स्वतःची मालमत्ता उभी करावी, आणि शक्य तितक्या लोकांना मालक होता यावे अशी कायद्याची दिशा असावी. गंजुरानमध्ये मजुराला वेतन मिळाले, शाळा मिळाली, औषध मिळाले. जमीन? ती देणे मालकांच्या हातातही नव्हते, कारण ती त्यांची नव्हती. ती सुलतानाची होती, आणि तिच्यावरची उसाची पाळी ही डच सरकार, दरबार व सर्व कारखानदार यांनी मिळून ठरवलेली व्यवस्था होती. सज्जन मालक त्या व्यवस्थेत शिरून तिची धार बोथट करू शकत होता; ती मोडू शकत नव्हता.

मोडली नाही, पण 1918 मध्ये ती बदलली. जहागिरी आणि वेठ बंद झाल्या, गावाला कायदेशीर अस्तित्व मिळाले आणि शेतकऱ्याला वंशपरंपरागत वहिवाटीचा हक्क मिळाला. मात्र त्याच वर्षीच्या राजपत्राने हेही जाहीर केले की, ज्या जमिनीवर दुसऱ्या कोणाचा पूर्ण मालकीचा पुरावा नाही ती सारी दरबाराची. गावात हक्कांप्रमाणे पायऱ्या ठरल्या. ज्याच्याकडे खाचर आणि परस दोन्ही तो ‘कुली केंचेंग’. (आपल्याकडील हमालाशी या कुलीची गल्लत करू नये, हा गावचा पहिल्या मानाचा माणूस.) ज्याच्याकडे फक्त घराचे परस तो ‘कारांगकोपेक’. आणि जो दुसऱ्याच्या परसात खोपट घालून राही तो ‘इंदुंग’. गावच्या अधिकाऱ्यांना पगार म्हणून जमीन देण्याची चाल राहिली आणि तिचे नावही तेच राहिले : लुंगुह. आजही सुंबरमुल्योसारख्या गावांत पदाधिकाऱ्यांना गावच्या मालकीतील खाचरे मिळतात, आणि निवृत्तांसाठी वेगळी जमीन राखलेली असते.

श्मुत्सर कुटुंब 1934 मध्ये हॉलंडला परतले. स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत, 1948 च्या सुमारास, कारखाना जाळला गेला. चर्च आणि शाळा वाचल्या. त्याच 1948 साली प्रजासत्ताकाच्या कायद्याने संस्थानी मुलखातील कारखान्यांचे जमिनीवरील विशेष हक्क रद्द केले. 1954 मध्ये योग्यकर्ता प्रदेशाने वहिवाटदारांना वैयक्तिक वंशपरंपरागत मालकी मान्य केली आणि 1960 मध्ये इंडोनेशियाचा मूलभूत जमीन कायदा झाला. त्याच्या जोडीच्या कायद्यात म्हटले होते की, प्रत्येक शेतकरी कुटुंबाकडे निदान दोन हेक्टर, म्हणजे सुमारे पाच एकर जमीन असावी. घनदाट वस्तीच्या जावात हे शक्य नव्हते. जमीन वाटपावरून गावोगावी संघर्ष पेटला आणि 1965 सालच्या हत्याकांडानंतर तर जमीन वाटपाचा शब्द उच्चारणेही धोक्याचे झाले. आज जावातील बहुसंख्य शेतकऱ्यांकडे अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन आहे. अशा शेतकऱ्याला ‘गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक पिसू.

जमीन इतकी बारीक का झाली याचे उत्तर घराघरांतल्या वारसाहक्कात आहे. जावी कुटुंबात मुलींना जमीन मिळते, पूर्वीपासून मिळत आली आहे. काही घरांत सर्वांना समान, तर काही घरांत ‘सापिकुल सागेंदोंगान’ या रीतीने : पुरुष कावडीने दोन ओझी वाहतो म्हणून त्याला दोन वाटे, स्त्री पाठीवर एक ओझे घेते म्हणून तिला एक. संसारात मिळवलेली मालमत्ता ‘गोनो-गिनी’, ती नवरा-बायकोची सामाईक. हे न्यायाचेच आहे. परंतु दर पिढीत खाचराला एक नवा बांध पडतो. तीन पिढ्यांत एका एकराचे पाच-सहा गुंठ्यांचे तुकडे होतात.

तरीसुद्धा भूमिहीन माणूस उपाशी मरत नसे, कारण शेत एकाचे असले तरी पीक अनेकांचे होते. कापणीला गावातील कोणतीही बाई येऊ शके. ‘आनी-आनी’ नावाचे लहानसे पाते तळहातात लपवून ती एकेक लोंबी खुडी. पाते लपवावयाचे ते भाताची देवी श्री हिने भिऊ नये म्हणून, अशी जुनी समजूत. खुडलेल्या भाताचा ठराविक हिस्सा, ‘बावोन’, तिचा. आप्तांना व शेजाऱ्यांना थोडा अधिक. बायाच घरोघरी भात कांडीत आणि त्याचेही धान्य त्यांना मिळे. कोणत्याही दप्तरात न नोंदलेली ही मालमत्ता होती.

ती 1970 नंतरच्या दशकात गेली. सरकारी मोहिमेतून अधिक उत्पन्नाची, आखूड ताटाची वाणे आली. ती विळ्याने कापावी लागत आणि आनी-आनी निरुपयोगी झाली. लहान गिरण्या आल्या आणि कांडप थांबले. मोठे शेतकरी उभे पीक व्यापाऱ्याला उक्ते विकू लागले. या ‘तेबासान’ पद्धतीत व्यापारी आपली टोळी आणतो. शेजारणीने बांधावरून पाहावयाचे. शेतकऱ्याला मात्र तिला तोंडावर नाही म्हणावे लागत नाही, ही त्यातील सोय. 1984 मध्ये इंडोनेशिया तांदळाबाबत स्वयंपूर्ण झाला आणि जगाने त्याचे कौतुक केले. ते यश खोटे नव्हते. पण तुडतुड्यांनी आधीच पिके फस्त केली होती आणि कीटकनाशकांनी त्यांचे शत्रूच मारले होते. 1986 मध्ये सरकारलाच भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली.

या पार्श्वभूमीवर 16 ऑक्टोबर 1990 रोजी, जागतिक अन्नदिनी, गंजुरान येथे एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. धर्मगुरू ग्रेगोरिअस उतोमो हे त्यामागची प्रेरणा होते. शेती निसर्गाला धरून, परवडणारी, स्थानिक संस्कृतीत रुजलेली आणि सामाजिक न्याय सांभाळणारी असावी, ही त्याची चार सूत्रे. त्यातून शेतकऱ्यांचे गट निर्माण झाले. शेणखत, देशी वाण, बियाण्यांची आपसांत देवाणघेवाण सुरू झाली. मला स्वतःला चौथे सूत्र सर्वांत अवघड वाटते. सेंद्रिय खत पाच गुंठ्यांतही घालता येते. पण ज्याच्याकडे पाच गुंठेही नाहीत त्याचे काय?

27 मे 2006 च्या पहाटे झालेल्या भूकंपाने बांतुलमध्ये हाहाकार उडवला. एकूण साडेपाच हजारांहून अधिक माणसे दगावली. 1924 चे चर्च कोसळले. मंदिर उभे राहिले. लोकांनी एकमेकांच्या घरांचे ढिगारे पाळीपाळीने उपसले. आधी कोणाचे घर बांधावयाचे, मालक कोण आणि इंदुंग कोण, हा हिशेब त्या दिवसांत मागे पडला. जावी पारंपरिक मांडवाच्या धर्तीचे नवे चर्च 2009 मध्ये पूर्ण झाले.

आणि जमीन? 1960 चा कायदा योग्यकर्त्याला पूर्णपणे लागू झाला तो 1984 मध्ये. 2012 च्या विशेष कायद्याने सुलतानाच्या दरबाराला पुन्हा जमिनीचा कायदेशीर मालक म्हणून मान्यता दिली. ज्यांच्याकडे मालकीचे प्रमाणपत्र आहे त्यांचे खाचर सुरक्षित आहे. दरबारी जमिनीवर राहणाऱ्यास ‘ककांचिंगान’ नावाचे परवानगीपत्र घ्यावे लागते आणि गावही आपली सामाईक जमीन दरबाराकडून धारण करते. 2017 पासून देशभर मोजणी करून प्रमाणपत्रे वाटण्याची मोठी मोहीम चालली. कागद हाती आला की बँकेचे कर्ज मिळते, आणि विकावयाचे ठरले तर रस्त्यालगतच्या तुकड्याला घर बांधणारा गिऱ्हाईक भाताच्या कित्येक हंगामांचे पैसे एकदम मोजतो. मुले शहरात नोकरीला असतात. बापाच्या पश्चात पाच भावंडे बहुधा वाटणी टाळतात. गावात राहिलेल्या एकाला ‘मारो’ने, म्हणजे अर्धेलीने, खाचर कसावयास देतात. हंगाम संपला की तो भाऊ शहरातल्या बहिणीच्या दारी तिच्या वाट्याचे तांदळाचे पोते घेऊन जातो.