फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप ट्रकचा प्रादेशिक प्रसार : एक ऐतिहासिक व तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :

मोटारगाडीच्या इतिहासाचा विचार बहुधा शहर, महामार्ग आणि मध्यमवर्गीय कुटुंब यांच्या संदर्भात केला जातो. परंतु विसाव्या शतकात ग्रामीण जीवनावर सर्वाधिक परिणाम ज्या वाहनांनी घडविला, त्यांत पिकअप ट्रकचे स्थान महत्त्वाचे आहे. पुढे चालकाची केबिन, मागे उघडा हौदा आणि खाली मजबूत पोलादी चासी अशी त्याची साधी रचना असते. इंजिनाची शक्ती केवळ दोन चाकांना न देता ट्रान्स्फर केसच्या साहाय्याने चारही चाकांना पुरविली, की हेच वाहन चिखल, वाळू, बर्फ व खडकाळ चढण पार करू शकते. असे असूनही या वाहनाचा प्रसार जगात सर्वत्र सारखा झालेला नाही. अमेरिका व ऑस्ट्रेलियात ते घरोघरी दिसते, युरोपात ते मर्यादित राहिले, थायलंडमध्ये पिकअप विपुल असूनही त्यांपैकी बहुसंख्य दोन चाकांच्या चालनेवर धावतात आणि भारतात फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आजही अपवादात्मक ठरतो. ही विषमता कशी निर्माण झाली, याचा शोध प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे :

१) फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या उदयाचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) निवडक प्रदेशांतील प्रसाराची कारणे तुलनात्मक दृष्टीने तपासणे.
३) भौगोलिक गरज आणि शासकीय धोरण यांपैकी कोणता घटक अधिक निर्णायक ठरला, हे स्पष्ट करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला असून विवेचन दुय्यम साधनांवर आधारित आहे. अभ्यासाचा कालखंड १९२५ पासून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या अडीच दशकांपर्यंतचा आहे.

उगम : शेत आणि युद्धभूमी

१९२५ मध्ये फोर्ड कंपनीने मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विक्रीस आणली. तत्पूर्वी शेतकरी व व्यापारी गाडीचा मागील भाग कापून स्थानिक सुताराकडून हौदा बनवून घेत असत. गरज ग्राहकाच्या अंगणात निर्माण झाली आणि कारखान्याने तिला नंतर रूप दिले, ही बाब लक्षणीय आहे. १९३५ पासून मार्मन-हेरिंग्टन या अमेरिकन कंपनीने फोर्डच्या ट्रकना चारही चाकांची चालना बसवून देण्यास प्रारंभ केला. मात्र हे काम खर्चिक असल्याने त्याचा प्रसार मर्यादित राहिला.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. विलीस व फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप तयार केल्या. त्यामुळे फोर-व्हील ड्राइव्हचे तंत्र मोठ्या उत्पादनाच्या कक्षेत आले आणि ते हाताळू शकणारे लाखो चालक व मेकॅनिक तयार झाले. युद्धसमाप्तीनंतर १९४६ मध्ये डॉजने आपल्या लष्करी ट्रकवर आधारित पॉवर वॅगन नागरी बाजारात आणला आणि १९४७ मध्ये विलीसचा फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप आला. ब्रिटनमध्ये १९४८ साली लँड रोव्हर अवतरली. युरोपात मात्र अरुंद रस्ते, महाग इंधन आणि बंदिस्त व्हॅनची परंपरा यांमुळे उघड्या हौद्याचे वाहन मुख्यतः शेती, वनखाते व बांधकाम यांपुरतेच राहिले.

अमेरिका : कोंबडीवरील वाद आणि ट्रकवरील कर

शेवरोलेने १९५७ मध्ये आणि फोर्डने १९५९ मध्ये कारखान्यातच बनविलेले फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप उपलब्ध करून दिले. योगायोग असा, की देशव्यापी महामार्गांच्या उभारणीचा कायदा अमेरिकेत १९५६ मध्येच झाला होता. रस्ते सुधारत गेले आणि त्याच काळात खडतर रस्त्यांसाठीच्या वाहनाची बाजारपेठही वाढत गेली. केवळ भूगोलाच्या आधारे हा विरोधाभास उलगडत नाही.

त्याचे एक महत्त्वाचे कारण करधोरणात सापडते. १९६२ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने अमेरिकन कोंबड्यांच्या आयातीवर जबर कर लादला. त्यास प्रत्युत्तर म्हणून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांवर २५ टक्के आयातकर जाहीर केला. अन्य वस्तूंवरील कर कालांतराने मागे पडला. हलक्या ट्रकवरील कर मात्र दशकानुदशके टिकला. परिणामी स्वदेशी उत्पादकांना या क्षेत्रात परकीय स्पर्धेपासून संरक्षण मिळाले. जपानी कंपन्यांनी हौदा न बसविलेले सांगाडे कमी दराच्या करावर आयात करून हौदे अमेरिकेतच जोडण्याची युक्ती योजली. ती पळवाट १९८० मध्ये बंद करण्यात आली. १९७८ मध्ये सुबारू कंपनीने ब्रॅट या छोट्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपच्या हौद्यात दोन आसने बसवून तो प्रवासी गाडी म्हणून आयात केला. हौद्यातील त्या दोन आसनांमागे प्रवाशांच्या सोयीपेक्षा करनिरीक्षकाचा विचार अधिक होता.

१९७५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने मोटारींसाठी इंधनक्षमतेचे निकष ठरविले; पुढे हलक्या ट्रकना तुलनेने सौम्य निकष लागू झाले. त्यामुळे मोठे पिकअप बनविणे उत्पादकांना अधिक लाभदायक ठरले. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक विकला जाणारा ट्रक ठरत आली आहे. कामाचे वाहन हळूहळू प्रतिष्ठेचे व कौटुंबिक वाहन बनले.

ऑस्ट्रेलिया : एकाच वाहनात घर आणि शेत

ऑस्ट्रेलियातील परंपरा स्वतंत्र आहे. एका शेतकरी महिलेने फोर्ड कंपनीला पत्र लिहून, रविवारी चर्चला जाता येईल व सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील अशा गाडीची मागणी केल्याची कथा तेथे प्रसिद्ध आहे. लुईस बँड या तरुण अभिकल्पकाने तयार केलेली ‘कूपे युटिलिटी’ १९३४ मध्ये जीलाँग येथील कारखान्यातून बाहेर पडली. तिचेच संक्षिप्त नाव ‘यूट’ असे रूढ झाले. ही गाडी दोन चाकांच्या चालनेची होती. स्नोई माउंटन्स जलविद्युत प्रकल्पाच्या डोंगराळ कामावर आधी लँड रोव्हर व नंतर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कंत्राटदार लेस्ली थीस यांनी आणलेल्या टोयोटा लँड क्रुझर वापरल्या गेल्या आणि जपानी वाहनांना तेथे मान्यता मिळाली.

कामाच्या वाहनांना मिळणाऱ्या करसवलतींनीही या प्रसारास हातभार लावला. २०१६ पासून २०२२ पर्यंत टोयोटा हायलक्स हे ऑस्ट्रेलियातील सर्वाधिक विकले जाणारे वाहन होते. २०२३ मध्ये तो मान फोर्ड रेंजरकडे गेला. दरम्यान, फोर्डची देशी यूट २०१६ मध्ये व होल्डनची २०१७ मध्ये बंद झाली. नाव जुनेच राहिले, परंतु त्या नावाखाली आता आयात केलेले पिकअप धावू लागले.

थायलंड आणि चाड : दोन भिन्न वाटा

थायलंड सरकारने पिकअपवरील अबकारी कर मोटारींच्या तुलनेत अत्यल्प ठेवला. त्यामुळे २००० च्या दशकात तेथील देशांतर्गत वाहनविक्रीत निम्म्याहून अधिक वाटा पिकअपचा होता. २००४ मध्ये टोयोटाने आपल्या नव्या जागतिक पिकअप मालिकेचा प्रारंभ थायलंडमधूनच केला. मात्र सपाट भातशेतीच्या प्रदेशात बहुतेकांनी स्वस्त टू-व्हील ड्राइव्ह गाड्याच घेतल्या. हौद्यात समोरासमोर दोन बाकडी टाकून चालविली जाणारी ‘सोंगथेओ’ ही प्रवासी सेवा पश्चिम महाराष्ट्रातील वडापची आठवण करून देणारी आहे.

चाडमध्ये हेच वाहन इतिहास घडविणारे शस्त्र ठरले. लिबियाने १९७३ पासून औझू पट्टा व्यापला होता. १९८७ मध्ये चाडच्या सैनिकांनी टोयोटा पिकअपवर फ्रान्सकडून मिळालेली मिलान रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे बसवून जानेवारीत फादा व मार्चमध्ये वादी दूम येथे रणगाड्यांनी सज्ज अशा लिबियन फौजेचा पराभव केला. संघर्षाचा हा टप्पा ‘टोयोटा युद्ध’ म्हणून ओळखला जातो. वाळवंटात वेग, हलके वजन आणि सुलभ दुरुस्ती यांना जाड पोलादापेक्षा अधिक मोल आहे, हे या युद्धाने दाखविले. मात्र याच गुणांमुळे १९९० च्या दशकात सोमालियातील सशस्त्र टोळ्यांनीही अशी वाहने वापरली. जे वाहन पाणी व औषधे पोहोचविते तेच मशीनगनही वाहते, हे वास्तव इतिहासकाराने नजरेआड करू नये.

भारत : जीप आली, पिकअप रुजला नाही

भारतात फोर-व्हील ड्राइव्हची सुरुवात मुंबईतून झाली. महिंद्र कंपनीने विलीस जीपचे सुटे भाग आणून १९४९ मध्ये माझगाव येथे त्यांची जुळणी केली. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात पुढे निस्सानच्या परवान्यावर जोंगा तयार होऊ लागली. लष्कर, वनखाते, पोलीस आणि विकास गट कार्यालये हे या वाहनांचे प्रमुख ग्राहक होते. परिणामी ग्रामीण जनतेच्या मनात जीप ही दीर्घकाळ ‘साहेबांची गाडी’ राहिली.

शेतकऱ्यापर्यंत पिकअप पोहोचला तो १९८८ च्या टाटामोबाइलनंतर आणि विशेषतः २००० नंतर बोलेरो पिकअपच्या रूपाने. महाराष्ट्रात कांदा, टोमॅटो, भाजीपाला पहाटे बाजार समितीत नेणारी ही गाडी बहुधा मागील दोन चाकांवरच चालते. येथे किंमत, मायलेज आणि एका खेपेत मावणारा माल हे निकष चिखलातील क्षमतेपेक्षा वरचढ ठरले. शिवाय भारतात पिकअपची नोंदणी सामान्यतः मालवाहू वाहन म्हणून होत असल्याने तो कौटुंबिक वाहन बनला नाही. २०१६ मध्ये इसुझू व्ही-क्रॉस व २०२२ मध्ये टोयोटा हायलक्स भारतात आले. परंतु सुमारे ३४ लाख रुपयांपासून सुरू होणारी हायलक्सची तेव्हाची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती. याउलट, जेथे फोर-व्हील ड्राइव्हची खरी निकड होती, त्या दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंज्यांग ते संदकफू या चढणीवर स्थानिक चालकांनी ब्रिटिश बनावटीच्या जुन्या लँड रोव्हर दुरुस्त करकरून अनेक दशके चालविल्या.

निष्कर्ष :

१) फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपचा उगम शेतीची गरज आणि युद्धकालीन तंत्रज्ञान यांच्या संयोगातून झाला.
२) त्याचा प्रादेशिक प्रसार केवळ भूरचनेने ठरला नाही. अमेरिकेत आयातकर व इंधनविषयक निकष, ऑस्ट्रेलियात करसवलती, थायलंडमध्ये अबकारी धोरण आणि भारतात किंमत व नोंदणीची पद्धत हे घटक प्रभावी ठरले.
३) चाडच्या उदाहरणावरून असे दिसते, की भूगोल निर्णायक ठरला तरी वाहने व शस्त्रे उपलब्ध होण्यासाठी बाह्य राजकीय साहाय्य आवश्यक होते.
४) ज्यांच्या दारापर्यंत पक्का रस्ता आहे त्यांच्याकडे हे वाहन विपुल आणि ज्यांना पावसाळ्यात रुग्ण डोंगर उतरवून न्यावा लागतो त्यांच्याकडे ते दुर्मीळ, अशी विसंगती अनेक ठिकाणी आढळते. म्हणून ग्रामीण वाहतुकीचे धोरण आखताना वाहनांच्या एकूण संख्येपेक्षा कोणत्या भागात कोणत्या क्षमतेचे वाहन कोणाच्या आवाक्यात आहे, याचा विचार होणे अगत्याचे आहे.