सणाची कोंबडी रोजच्या ताटात

ओव्हनमध्ये भाजलेली कोंबडी हा आज अमेरिकेतील घरगुती रात्रीच्या जेवणाचा अगदी सोपा प्रकार मानला जातो. तंगड्यांना तेल, मीठ आणि मिरपूड चोळायची, त्या ट्रेमध्ये मांडायच्या आणि 200 ते 220 अंश सेल्सिअसला पाऊण तास ठेवायच्या. कातडी कुरकुरीत होते, आतले मांस रसाळ राहते आणि स्वयंपाक करणाऱ्याला तेवढ्या वेळात दुसरी कामे उरकता येतात. शंभर वर्षांपूर्वी त्याच देशात हा बेत आठवड्याच्या मधल्या दिवशी कोणी आखला नसता. पाककृतीत तेव्हापासून फार फरक पडलेला नाही. बदलली ती चूल, दुकान आणि सर्वांत जास्त खुद्द कोंबडी.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी शेतघरात कोंबड्या पाळल्या जात त्या अंड्यांसाठी. त्यांची देखभाल घरातल्या बायकांकडे असे आणि अंड्यांचे पैसेही बहुधा त्यांच्याच हाती राहत. मांस हे या व्यवसायातले उपउत्पादन होते. वसंतात उबवलेल्या पिल्लांपैकी नर अंडी देणार नाहीत म्हणून कापले जात आणि अंडी द्यायची थांबलेली म्हातारी कोंबडी शेवटी पातेल्यात जाई. कोवळी कोंबडी त्यामुळे ठरावीक हंगामातच मिळे आणि शहरात ती गोमांसापेक्षा महाग पडे. म्हाताऱ्या कोंबडीचे मांस चिवट, ते तासन् तास मंद आचेवर शिजवावे लागे. भाजलेली कोंबडी ही रविवारच्या किंवा पाहुण्यांच्या जेवणाची गोष्ट होती. 1928 च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाच्या जाहिरातीत घरोघरच्या पातेल्यात कोंबडी असेल असे चित्र रंगवले गेले. सुबत्तेची खूण म्हणून कोंबडीचे नाव पुढे करावेसे वाटले, यावरून तिचा तेव्हाचा मान कळतो.

भाजण्याची रीतही वेगळी होती. युरोपात शतकानुशतके मांस उघड्या विस्तवापुढे सळईवर फिरवून भाजत. लोखंडी बंद चुली आल्यावर ते काम भट्टीच्या कप्प्यात होऊ लागले, पण लाकूड-कोळशाच्या त्या कप्प्यात उष्णता किती आहे हे कळायला साधन नव्हते. अनुभवी बाई आत हात धरून तो किती वेळ सोसवतो यावरून अंदाज घेई, किंवा आत चिमूटभर पीठ टाकून ते किती वेळात तांबूस होते ते पाही. हे सोपे काम नव्हते. त्यासाठी चुलीपाशी खिळून राहावे लागे. 1915 च्या सुमारास अमेरिकन स्टोव्ह कंपनीने गॅसच्या ओव्हनला ‘लोरेन’ नावाचे तापमान-नियंत्रक बसवले. ब्रिटनमध्ये 1923 मध्ये ‘रेग्युलो’ हे तसेच नियंत्रक आले. खुंटी फिरवून आकड्यावर आणायची आणि दार लावून घ्यायचे, इतके ते सुटसुटीत होते. ‘अमुक तापमानाला इतकी मिनिटे’ अशी कृती छापून तिच्यावर विश्वास ठेवता येऊ लागला तो या खुंटीमुळे. त्याच 1915 साली कॉर्निंग ग्लास वर्क्सची पायरेक्सची काचेची भांडी बाजारात आली आणि ओव्हनमधले भांडे थेट टेबलावर मांडता येऊ लागले.

ओव्हन सुधारला तरी कोंबडी महागच होती. तिच्या स्वस्ताईची सुरुवात डेलावेअर राज्यातील ओशन व्ह्यू या किनारी गावात एका चुकीतून झाली. सेसिल स्टील या गृहिणीने 1923 मध्ये अंड्यांच्या कोंबड्या वाढवण्यासाठी 50 पिल्ले मागवली, आली 500. तिने ती परत पाठवली नाहीत. लहानसे लाकडी खुराडे बांधून त्यात पिल्ले वाढवली आणि सुमारे दोन पौंडांची झाल्यावर त्यातली जगलेली 387 पिल्ले पौंडाला 62 सेंट या भावाने मांसासाठी विकली. नफा पाहून पुढच्या वर्षी तिने आणखी पिल्ले मागवली आणि 1926 पर्यंत तिच्याकडे 10,000 पक्ष्यांची सोय झाली. शेजारीपाजारी तिचे अनुकरण करू लागले. न्यूयॉर्कची मोठी बाजारपेठ जवळ होती. तेथील ज्यू कुटुंबे जिवंत कोंबडी घेऊन ती धार्मिक रीतीने कापून घेत, त्यामुळे मालाला बारमाही गिऱ्हाईक होते. पूर्वी हिवाळ्यात बंद जागेत पिल्लांचे पाय वाकत. ते ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होते असे कळल्यावर खाद्यात कॉड माशाच्या यकृताचे तेल मिसळू लागले आणि वर्षभर कोवळी कोंबडी तयार करणे शक्य झाले. स्टीलबाईंचे पहिले खुराडे आज राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आहे. एवढ्याशा लाकडी खोपटाला तो मान मिळाला हे योग्यच झाले.

दुसऱ्या महायुद्धात गोमांस आणि डुकराचे मांस शिधापत्रिकेवर गेले, कोंबडी गेली नाही. डेलावेअर परिसरातला माल लष्कराने उचलल्यावर दक्षिणेकडच्या जॉर्जियाला संधी मिळाली. तेथे गेन्सव्हिलचा खाद्यविक्रेता जेसी ज्यूएल याने शेतकऱ्यांना पिल्ले आणि खाद्य उधारीवर देऊन तयार पक्षी परत विकत घेण्याची पद्धत रुजवली. पुढे उबवण, खाद्य, कत्तल आणि विक्री एकाच मालकाच्या हाती आली. शेतकऱ्याकडे राहिली शेड, कर्ज आणि मजुरी.

युद्ध संपल्यावर लोक पुन्हा गोमांसाकडे वळतील ही भीती व्यापाऱ्यांना होती. ए अँड पी या किराणा साखळीने कृषी खात्याच्या साथीने ‘चिकन ऑफ टुमारो’ ही स्पर्धा जाहीर केली. छाती रुंद, तंगडी भरदार आणि वाढ झपाट्याची असा पक्षी हवा होता. आदर्श कोंबडी कशी असावी याचा मेणाचा नमुनाच स्पर्धकांपुढे ठेवला होता. राज्य आणि विभाग पातळीवरच्या फेऱ्यांनंतर 1948 मध्ये डेलावेअरमधील जॉर्जटाऊन येथे अंतिम फेरी झाली. स्पर्धकांनी पक्षी नव्हे तर अंडी पाठवली. ती एकाच ठिकाणी उबवली, पिल्लांना एकच खाद्य दिले, बारा आठवड्यांनी कापून तोलली. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हॅन्ट्रेस यांच्या कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर या जातींच्या संकराने बाजी मारली आणि 1951 ची दुसरी स्पर्धाही त्यांनीच जिंकली. आज ओव्हनमध्ये जाणाऱ्या कोंबडीचा देह याच चढाओढीत घडला.

तरीही कोंबडी घरी आणल्यावर काम उरे. बराच काळ दुकानात मिळणारी कोंबडी फक्त पिसे काढलेली असे. डोके, पाय आणि आतडी तशीच. ती साफ करणे हे घरच्या बाईचे काम होते. साफ केलेल्या मालाचा वापर 1940 च्या दशकात वाढला आणि 1957 च्या कायद्याने सरकारी तपासणी सक्तीची झाली. 1962 मध्येही सुमारे 83 टक्के माल अख्ख्या कोंबडीच्या रूपानेच विकला जाई. त्यानंतर तुकड्यांची विक्री वाढत गेली, आणि घरच्या स्वयंपाकाला सर्वांत मोठा दिलासा यातूनच मिळाला असे म्हणावे लागते. अख्खी कोंबडी भाजताना छातीचे मांस आधी शिजते आणि तंगडी शिजेपर्यंत ते कोरडे पडते. नुसत्या तंगड्या घेतल्या की ही अडचणच संपते. त्यांतले संयोजी ऊतक जास्त उष्णतेला विरघळते आणि पाच-दहा मिनिटे जास्त झाली तरी मांस बिघडत नाही. जनरल फूड्सने 1965 मध्ये आणलेले ‘शेक अँड बेक’ हे पाकीट अशा तुकड्यांसाठीच होते: पिशवीत मसालेदार चुरा आणि कोंबडी घालून हलवायची, ट्रेवर मांडायची, तळायची गरज नाही. 1977 मध्ये सिनेटच्या समितीने लाल मांस कमी करून कोंबडी आणि मासे खाण्याचा सल्ला दिला. 2010 च्या सुमारास अमेरिकेत कोंबडीचा दरडोई खप गोमांसापेक्षा जास्त झाला.

या सोयीची किंमत पक्ष्याने मोजली आहे. 1925 मध्ये विक्रीयोग्य कोंबडी 112 दिवसांत सुमारे 1.1 किलोची होई. आता ती सुमारे 47 दिवसांत त्याच्या दुपटीहून जास्त भरते. पायांना आणि हृदयाला तो भार पेलत नाही. दाटीवाटीने होणाऱ्या उत्पादनात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर या जंतूंचा धोका असतो. म्हणून अमेरिकी कृषी खाते मांसाच्या गाभ्याचे तापमान 74 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला सांगते आणि कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये, शिंतोडे ओट्यावर उडतात, असेही बजावते.

महाराष्ट्रात हा पक्षी ओव्हनच्या आधी आला. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. व्हॅन्ट्रेस यांचे नाव पुढे ज्या कॉब कंपनीशी जोडले गेले, तिच्या वाणाची ‘वेनकॉब’ कोंबडी या कंपनीमार्फत देशभर पसरली. लोक तिला बॉयलर म्हणू लागले. घरात गॅसची शेगडी आणि कुकर होता, ओव्हन बेकरीत. त्यामुळे लवकर शिजणारी ही कोंबडी तांबड्या रश्श्यात, सुक्क्यात आणि बिर्याणीत गेली. विजेचे छोटे ओव्हन आणि कन्व्हेक्शनचे मायक्रोवेव्ह आल्यावर शहरांतील काही घरांत दही, आले-लसूण आणि लाल तिखटात मुरवलेल्या तंगड्या ट्रेवर मांडल्या जाऊ लागल्या. गावठी कोंबडी ओव्हनमध्ये कोणी घालत नाही. तिला अजूनही वाटण, भरपूर पाणी आणि मंद आचेवरचा वेळ लागतो.