सुरत स्टेशनावर बदललेली गाडी

२५ मार्च १९१६ रोजी बडोद्याहून मुंबईकडे निघालेला एक वीस वर्षांचा मराठी विद्यार्थी सुरत स्टेशनावर उतरला. त्याची मुंबईला इंटरमीडिएटची परीक्षा होती. त्या काळी सगळा गुजरात, बडोदा संस्थानाचे कॉलेजसुद्धा, मुंबई विद्यापीठाशी जोडलेला असल्याने परीक्षेसाठी मुंबईला जाणे भागच होते. इंटर म्हणजे पदवीच्या अर्ध्या वाटेवरची परीक्षा. ती पास झाली की पुढे दोन वर्षांत बी. ए. व्हायचे. हा विद्यार्थी मात्र मुंबईच्या गाडीत परत चढला नाही. बरोबरच्या मित्रांना घेऊन त्याने भुसावळची गाडी धरली आणि तिथून काशी गाठली. विनायक नरहर भावे हे त्याचे नाव. पुढे सारा देश त्याला विनोबा म्हणू लागला.

बमरोली, पांडेसरा, उधना, डिंडोली या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा मंडळींना ही हकीकत जरा जास्तच जवळची वाटते. सुरत-भुसावळ लाइन म्हणजे आमची गावाकडची वाट. दिवाळीला, लग्नसराईला, अक्षय्य तृतीयेला याच लाइनने आपण नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावला जातो. विनोबा गेले तेव्हा ताप्ती व्हॅली रेल्वे सुरू होऊन फार वर्षे झाली नव्हती. खानदेशातून लोक हातमागाच्या, यंत्रमागाच्या कामासाठी इकडे येण्याचा ओघ नंतरचा. शिक्षण अर्धवट टाकून उलट्या दिशेने गेलेल्या या प्रवाशाची आठवण आपल्या स्मरणिकेत कधी आलेली नाही, म्हणून यंदा हा विषय घेतला. दुसरे कारण असे की आजकाल आपल्या वस्तीत दर जून-जुलैत एक प्रश्न ऐकू येतो: पोरगा दुसऱ्या वर्षाला आहे, आता म्हणतो मोठ्या खाजगी विद्यापीठात बदलून जायचे, काय करावे? मधल्या वर्षी कॉलेज बदलण्याची ही गोष्ट आपण समजतो तितकी नवी नाही.

विनोबांचे वडील नरहरराव हे विणकामाचे आधुनिक शिक्षण घेतलेले, विज्ञानाची आवड असलेले गृहस्थ. नोकरीनिमित्त ते बडोद्यात होते. मुलाने शाळेत दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घ्यावी अशी त्यांची दृष्टी होती. सुरतेत कापडाचा धंदा करणाऱ्या कोणाही बापाला हा माणूस लगेच समजेल. हातात कला आहे, मुलाने त्याच्या पुढे जावे, शिकून मोठे व्हावे, एवढीच अपेक्षा. मुलाचे मन मात्र वेगळीकडे होते. घर सोडण्याआधी त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत टाकली, असे विनोबांनीच पुढे सांगितले आहे. आईने विचारले, हे आज ना उद्या उपयोगी पडतील, जाळतोस कशाला? तरीही त्याने जाळले. वाटेतून वडिलांना पत्र टाकून कळवले की परीक्षेला जात नाही, दुसरीकडे जात आहे, पण वावगे काही करणार नाही.

काशीत त्यांचे काय चालले होते हे पाहण्यासारखे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे बनारस हिंदू विद्यापीठाची पायाभरणी झाली होती. देणग्यांवर उभे राहणारे ते विद्यापीठ तेव्हा अवघ्या देशाच्या कौतुकाचा विषय होते. त्या समारंभात गांधीजींनी राजेमहाराजांच्या दागिन्यांवर आणि इंग्रजी भाषेच्या वर्चस्वावर केलेले भाषण खूप गाजले. विनोबांनी त्या भाषणाचा वृत्तान्त वाचला आणि गांधीजींना पत्र लिहिले. नव्या विद्यापीठात नाव घालण्याचा विचार त्यांनी केला नाही. अन्नछत्रात जेवायचे, संस्कृत ग्रंथ वाचायचे, असा क्रम ठेवला. पत्रोत्तरे झाली, गांधीजींनी भेटीला बोलावले आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादेत कोचरबच्या आश्रमात पोहोचले. म्हणजे सुरतेत उतरल्यापासून अडीच महिन्यांत त्यांनी आपली शाळा बदलली. पुढे गांधीजींनी नरहररावांना स्वतः पत्र लिहून कळवले की तुमचा मुलगा माझ्याजवळ आहे, आणि इतक्या लहान वयात त्याने जे मिळवले आहे त्यासाठी मला स्वतःला पुष्कळ वर्षे लागली. अशी चिठ्ठी कुठल्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलने पाठवली असती काय, हा विचार मनात येतोच.

पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत. आश्रमात दाखल झाल्यानंतरही विनोबांना शिकायचेच होते. १९१७ मध्ये ते रजा घेऊन वाईला गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रे, शांकरभाष्य शिकले. परीक्षा सोडली, अभ्यास सोडला नाही. १९३०-३१ मध्ये लिहिलेली 'गीताई' ही त्या अभ्यासाचीच पुढची पायरी.

विनोबांनी जे एकट्याने केले ते चार वर्षांनी हजारो विद्यार्थ्यांनी केले. सप्टेंबर १९२० मध्ये कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसने असहकाराचा ठराव केला आणि डिसेंबरमध्ये नागपूरला त्याच्यावर शिक्कामोर्तब झाले. सरकारी आणि सरकारी मदतीच्या शाळा-कॉलेजांतून बाहेर पडा, असे सांगितले गेले. बाहेर पडून जायचे कुठे? त्यासाठी १८ ऑक्टोबर १९२० रोजी अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ निघाले, पुढच्या वर्षी पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ. सरकारचा पैसा नाही, सरकारची सनद नाही, देणगीवर चालणारी, स्वतःचा अभ्यासक्रम स्वतः ठरवणारी ही विद्यापीठे होती. आजच्या कायद्याच्या भाषेत सांगायचे तर खाजगी. निवडीची परीक्षा मात्र वेगळीच होती. टक्केवारी कोणी विचारत नव्हते. घरच्यांचा राग आणि नोकरीची आशा सोडण्याची तयारी हाच कट-ऑफ.

आपल्या सुरतेतही ती हवा जोरात होती. अहमदाबाद आणि नडियादप्रमाणे सुरतच्या नगरपालिकेनेही आपल्या प्राथमिक शाळांवरचे सरकारी नियंत्रण नाकारले आणि त्यापायी नगरपालिका बरखास्त होण्याची वेळ आली. आज कुणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

गुजरात विद्यापीठात मराठी माणसे किती होती हे पाहिले की आम्हाला अभिमान वाटतो. साताऱ्यात जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झालेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजे काकासाहेब, यांनी आधी बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिकवले. ते सरकारी दडपणाने बंद पडले. मग हिमालय, शांतिनिकेतन, आश्रम असे करत ते विद्यापीठात आले आणि त्याचे कुलनायकही झाले. मातृभाषा मराठी, पण गुजराती असे लिहिले की गांधीजी त्यांना सवाई गुजराती म्हणत. गुजरातेत राहूनही आपण अजून 'केम छो' आणि 'सारु छे' यांच्या पुढे जात नाही, त्यांनी हे नाव एकदा आठवावे. दुसरे धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या सांखवाळचे. स्वतःजवळ एकही पदवी नाही. पाली भाषेसाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पायाखाली घातलेला हा माणूस. सयाजीराव गायकवाडांनी महिना ५० रुपये देऊन त्यांच्या कामाला हातभार लावला. नंतर अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात जाऊन त्यांनी पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले आणि पुढे गुजरात विद्यापीठाच्या पुरातत्त्व मंदिरात शिकवले.

इथवर सगळे उत्साहाचे. आता हिशोब पाहू, कारण आमच्यापैकी बरेच जण सरकारी ऑफिसात काम करतात आणि कागदावरच्या शिक्क्याची किंमत काय असते हे आम्हाला रोज दिसते. गुजरात विद्यापीठाला सरकारी मान्यतेचा, म्हणजे अभिमत विद्यापीठाचा, दर्जा मिळाला १९६३ मध्ये. स्थापनेनंतर ४३ वर्षांनी. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाला १९८७ मध्ये, म्हणजे ६६ वर्षांनी. महर्षी कर्व्यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या महिला विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. तिथून शिकून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींनी उभे आयुष्य अशा पदवीवर काढले जी सरकारदरबारी चालत नव्हती. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर चळवळ थांबली तेव्हा पुष्कळ विद्यार्थी मुकाट्याने जुन्या कॉलेजांत परत गेले. त्यांना भित्रे म्हणणे आम्हाला पटत नाही. घरी बसलेल्या बापाला दोन वर्षे वाया गेली हे कसे सांगायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता.

आणि एक मोठा वर्ग असा होता ज्याला पदवी सोडणे परवडणारेच नव्हते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या अक्षरओळख होती त्यांनी प्रमाणपत्र चुलीत टाकले तरी अक्षर त्यांच्याकडे राहतेच. ज्यांच्या घरात पहिलाच मुलगा शाळेत गेला त्याला तो कागद हवा असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. पूर्ण केले आणि मगच १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे एका खाजगी विद्यापीठातच, गेले. त्यांनी एकही पायरी अर्धी सोडली नाही. लंडनमधला अभ्यास शिष्यवृत्ती संपल्याने तुटला, तर पैसे जमवून परत जाऊन तो पुरा केला. बमरोलीतल्या आपल्या घरांना विनोबांपेक्षा हे उदाहरण लागू पडते असे आमचे मत आहे. कोणाला ते रुचणार नाही, पण चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत बसून पाहिले तर असेच दिसते.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी गोष्ट आहे आणि ती आम्हाला सर्वांत आवडते. धर्मानंदांचा मुलगा दामोदर, जन्म १९०७, अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेत गेला आणि तिथेच शाळा शिकला. त्याला हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला. १६३६ मध्ये स्थापन झालेले, निवडक मुलांनाच घेणारे ते विद्यापीठ. पण तो प्रवेश बाजूला ठेवून दामोदर भारतात परत आला आणि वडिलांजवळ राहिला. वडील तेव्हा गुजरात विद्यापीठात होते. म्हणजे एका बाजूला जगातले नामांकित विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला अहमदाबादेतले, सरकारी मान्यता नसलेले विद्यापीठ, अशा दोन्ही जगांचा त्या मुलाला परिचय झाला. जानेवारी १९२६ मध्ये तो वडिलांबरोबर पुन्हा अमेरिकेला गेला आणि हार्वर्डमध्ये शिकू लागला. तिथले नामवंत गणिती बर्कॉफ यांनी त्याला गणितावरच लक्ष दे असे सांगितले. मुलाने ऐकले नाही. भाषा, इतिहास, जे आवडेल ते घेतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी मिळवली. परत आल्यावर बनारस, अलीगढ, मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवले. भारताच्या प्राचीन इतिहासाकडे पाहण्याची नवी रीत ज्यांनी घालून दिली ते डी. डी. कोसंबी हेच. बापाजवळ पदवी नव्हती म्हणून मुलाला पदवीचा तिटकारा आला नाही, आणि मोठ्या विद्यापीठाचे नाव आहे म्हणून मुलगा धावतही सुटला नाही.

आजचे दिवस वेगळे आहेत. गुजरातेत २००९ मध्ये खाजगी विद्यापीठांचा कायदा झाला आणि त्यानंतर सुरत-बारडोलीच्या परिसरातच अशी कित्येक विद्यापीठे निघाली. ज्या सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीने १९१२ पासून या शहराला शाळा-कॉलेजे दिली, तिचेही आता विद्यापीठ झाले आहे. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना 'डी टू डी' हा शब्द नवा नाही. दहावीनंतर तीन वर्षे डिप्लोमा आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. लूमच्या खात्यात रात्रपाळी करणाऱ्या कारीगरांची, डाइंग मिलमधल्या मास्तरांची मुले याच वाटेने इंजिनीअर झालेली आपण पाहतो. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिट बँकेची सोय आली आहे. एका ठिकाणी केलेला अभ्यास खात्यात जमा होतो आणि दुसऱ्या विद्यापीठात तो मोजून घेता येतो. कागदावर ही फार मोठी सुधारणा आहे. १९२१ मध्ये कॉलेज सोडलेल्या मुलाला असे खाते असते तर त्याची दोन वर्षे वाचली असती.

व्यवहारात मात्र कोणते क्रेडिट मान्य करायचे हे नवे विद्यापीठच ठरवते. दुसऱ्या वर्षाला जागा आहे असे तोंडी सांगतात आणि अॅडमिशननंतर पहिल्या वर्षाचे चार विषय पुन्हा द्या म्हणतात, असेही घडते. मान्यता कोणती आहे, यूजीसीच्या यादीत नाव आहे काय, तांत्रिक अभ्यासक्रम असेल तर त्याची वेगळी मंजुरी आहे काय, हे फी भरण्याआधी पाहावे. आपले किती विषय धरले ते विद्यापीठाच्या लेटरहेडवर लेखी घ्यावे. जुन्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत बरोबर लागते. ती काढायला वीर नर्मद विद्यापीठात हेलपाटे पडतात, म्हणून मे महिन्यातच अर्ज करावा. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत डी टू डीच्या मुलांनाही मदत मिळते, त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. मामलतदार कचेरीतला दाखला वेळेत काढला नाही तर ती हातची जाते. एकदा नव्या ठिकाणी नाव घातले की जुनी शिष्यवृत्ती आपोआप पुढे येत नाही, हेही आधी विचारून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे प्रवेश पक्का होईपर्यंत कोणाकडेही देऊ नयेत, फक्त झेरॉक्स द्यावी आणि मूळ दाखवून परत घ्यावे.