नालोक्सोन: दवाखान्यातून घराकडे

हेरॉइनचा डोस जास्त झाला की माणूस मरतो तो श्वास थांबून. ओठ निळे पडतात, घशातून घरघर येते आणि शेजारच्याला वाटतं, गाढ झोपलाय. नालोक्सोन हे औषध मेंदूतल्या ज्या जागा हेरॉइनने अडवलेल्या असतात तिथून त्याला हुसकून लावतं. काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. शरीरात हेरॉइनसारखं अफूवर्गातलं काही नसेल तर ते अपायही करत नाही आणि त्याचं व्यसनही लागत नाही.

न्यूयॉर्कमध्ये जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९७१मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढची पंचवीस वर्षं मात्र ते प्रामुख्याने शस्त्रक्रियागृहात, तातडीच्या विभागात आणि रुग्णवाहिकेतच राहिलं. नशा करणारे मरत होते खोल्यांमध्ये, जिन्याखाली, मित्रांच्या डोळ्यांदेखत. आणि ते मित्र पोलिसांच्या धाकाने फोन करायला कचरत होते.

हे अंतर तोडलं शिकागोच्या डॅन बिग यांनी. त्यांची ‘शिकागो रिकव्हरी अलायन्स’ नशा करणाऱ्यांना निर्जंतुक सुया पुरवायची. १९९६मध्ये संस्थेचा एक सहसंस्थापक ओव्हरडोसने गेला. बिग यांनी नालोक्सोनच्या बाटल्या आणि सिरिंज थेट नशा करणाऱ्यांच्याच हाती द्यायला सुरुवात केली. ज्यांच्यावर घरचेही विश्वास ठेवेनात, त्यांच्यावर दुसऱ्याचा जीव वाचवायची जबाबदारी सोपवली. या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं पाऊल मला हेच वाटतं. रेणू शोधण्याइतकंच मोठं.

न्यू मेक्सिकोने २००१मध्ये कायदा बदलून सामान्य माणसाच्या हातातलं हे औषध वैध केलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीत गोष्ट हेरॉइनची नव्हती, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामकांची होती. तिथे फ्रेड ब्रेसन या धर्मोपदेशकाने डॉक्टर, शाळा, चर्च आणि पोलीस यांना एकत्र आणून नालोक्सोन वाटणारा ‘प्रोजेक्ट लाझरस’ उभा केला. १९९६ ते २०१४ या काळात अमेरिकेतल्या अशा उपक्रमांनी दीड लाखांहून अधिक लोकांना नालोक्सोन दिलं आणि २६ हजारांवर जीव वाचल्याची नोंद झाली. त्यातले बहुतेक जीव नशा करणाऱ्यांनीच वाचवले होते.

खुद्द फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३मध्ये हेरॉइनच्या ओव्हरडोसने गेला. त्याची आई जॉय फिशमन पुढे हे औषध घरोघरी असावं म्हणून जाहीरपणे बोलू लागल्या. २०१५मध्ये अमेरिकेत नालोक्सोनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याला मान्यता मिळाली. २०२३मध्ये तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची परवानगी आली.

नालोक्सोन व्यसन सोडवत नाही. त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रुग्णवाहिका बोलवावीच लागते. व्यसन आटोक्यात आणायला मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध लागतं, सोबतीला माणसं लागतात. पण उपचार जिवंत माणसावरच होतात.

आपल्याकडे, भारतात, २०१९च्या राष्ट्रीय पाहणीने अफूवर्गीय पदार्थ घेणाऱ्यांची संख्या सव्वादोन कोटींच्या घरात सांगितली. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि जुनाच डोस जीव घेतो. म्हणून घरी परतणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, आणि त्याच्या आईच्या, बायकोच्या, मित्राच्या हाती हे औषध व ते वापरायचं शिक्षण केंद्रांनी द्यायलाच हवं.