पारध आणि शिकार

आमच्या भागात दोन शब्द होते. साहेबलोक करायचे ती शिकार आणि आमची माणसं करायची ती पारध. मागाठाणे, कान्हेरी, तुळशी, येऊर ह्या पट्ट्यातल्या जुन्या माणसांना हा फरक सांगावा लागत नसे. आज बोरिवली स्टेशनात उतरणाऱ्याला इथं कधी वालाची शेती होती हेच खरं वाटत नाही, तिथं पारधीचं काय! म्हणून जे ऐकलं ते लिहून ठेवतो.

माझा बा मागाठाण्याच्या अंगाला शेती करायचा. पावसाळ्यात भात, आणि भात कापला की त्याच ओलीवर वाल. वालाला कोवळा पाला फुटला की कान्हेरीच्या रानातली चितळं रात्री खाली उतरायची. सकाळी बघावं तर वाफा साफ. चुलत्याच्या नावावर शेतराखणीची ठासणीची बंदूक होती. बाचा दोस्त वारली, डोंगराकडच्या पाड्यावरचा. त्याच्याकडं बंदूक नव्हती, पण रान त्याला पाठ होतं.

ही हकीकत स्वातंत्र्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली, माझ्या जन्माच्या आधीची. बा ती पुन्हापुन्हा सांगायचा. पौषातली थंडी. पहिला कोंबडा आरवायच्या आत दोघं निघाले. बिडी ओढायची नाही, बोलायचं नाही. दोस्तानं चुलीतली राख फडक्यात बांधून घेतली होती. मधेमधे तिची चिमूट सोडायची, राख कुठं उडते ते बघायचं आणि वाट बदलायची. वारा आपल्याकडून जनावराकडं गेला की पारध संपली. गवतावरचं दव कुठं मोडलंय, लेंड्या ओल्या का सुक्या, वर झाडात वानर खोकतंय का, हे सगळं तो चालता चालता वाचायचा.

उजाडता उजाडता ओहोळाच्या काठाला कळप दिसला. बानं बंदूक उचलली. पुढची मादी अगदी नेमात होती. दोस्तानं नळीवर हात ठेवला.

"ती नको. गाभण हाय."

एवढ्या लांबून ह्याला कसं समजलं, बाला कळेना. "चालते कशी ते बघ ना," एवढंच तो म्हणाला. ती गेली, तिच्यामागं आणखी दोन गेल्या, शेवटी एक नर आला. त्याच्यावर बार टाकला.

नर बांबूला बांधून दोघांनी खांद्यावर आणला. पहिला वाटा वाघोबाच्या पाषाणापुढं, कारण रानातलं जनावर आधी त्याचं. मग पाड्यावर घरटी वाटे पडले. एका घरात कर्ता माणूस उरला नव्हता, तिथंही इतरांएवढाच वाटा गेला. बाच्या हाती आलं ते दोन जेवणांपुरतं. भिंतीवर शिंगं लावायची पद्धत आमच्यात नव्हती, ती साहेबांच्या बंगल्यात. त्यांच्या शिकारीला हाका घालायला माणसं मात्र आमचीच, मजुरीवर.

एवढ्या मोठ्या शहराला खेटून हे रान टिकलं ते पाण्यामुळं. मुंबईला पाणी पुरवायला विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि तुळशी १८७९ मध्ये. पाणी चांगलं राहावं म्हणून भोवतीचा डोंगर राखला गेला. कान्हेरीभोवती कृष्णगिरी नॅशनल पार्क झालं. १९५१ मध्ये मुंबई राज्याचा वन्यप्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यासाठी खटपट करणारे पक्षीअभ्यासक हुमायून अब्दुलअली स्वतः बंदूक चालवणारे होते. जनावर कमी झालंय हे रानात फिरणाऱ्यालाच आधी कळतं. पुढं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकारीचे उरलेसुरले परवानेही संपले. आज ह्या पार्काला संजय गांधींचं नाव आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे रान, त्यात चितळ आहे, सांबर आहे, भेकर आहे, म्हणून बिबळ्याही आहे.

कायदा झाला ते बरंच झालं. तो नसता तर डोंगरावर इमारती उभ्या राहिल्या असत्या आणि चितळ फक्त चित्रात राहिलं असतं. पण कागदावर पारध आणि शिकार एकच झाली. गाभण मादी सोडणारा आणि शिंगांसाठी मारणारा, दोघं एका ओळीत बसले. साहेबांचा एक शौक बंद झाला. पाड्यांचा पायाखालचा रस्ता गेला. १९९७ मध्ये हायकोर्टानं पार्कातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला, तेव्हा पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्यांनाही आपण मूळचे आहोत हे कागदानं दाखवायची पाळी आली. ज्याच्या आज्यानं वाघोबाला शेंदूर लावला, त्यानं कुठला कागद आणावा?

मी आता वसईच्या पुढं भात करतो. रात्री रानडुकरं येतात, सकाळी मी पंचनाम्याचा अर्ज लिहितो. बंदूक मला नको. पण राखेची चिमूट सोडून वारा बघणारी, चालीवरून गाभण मादी ओळखणारी म्हातारी माणसं पाड्यांवर अजून आहेत. पार्कात पोरांच्या सहली जातात, गाईड लांबून चितळ दाखवतो. त्या पोरांना एकदा ह्या म्हाताऱ्यांपुढंही बसवावं. कुठलं जनावर मारायचं नाही, हे कायदा यायच्या आधी त्यांना ठाऊक होतं.