बावखल : वसईच्या वाड्यांमधील गोड्या पाण्याचा ठेवा आणि त्याचे आजचे प्रश्न

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, वाडीच्या मध्यभागी किंवा दोन वाड्यांच्या बांधालगत, पावसाचे व झऱ्याचे पाणी साठविण्यासाठी खोदलेल्या तळ्यास बावखल असे म्हणतात. 'बाव' म्हणजे विहीर हे आपल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको. परंतु बावखल म्हणजे विहीर नव्हे. विहिरीचे तोंड लहान असते, तिला बांधीव कठडा असतो व ती सरळ खाली उतरते. बावखल पसरट असते, त्याचे काठ मातीचे व उतरते असतात आणि पावसाळ्यात आजूबाजूच्या वाड्यांतील पाणी आपोआप त्यात येते. गावच्या तलावाहूनही ते वेगळे आहे. तलाव गावाचा असतो. बावखल बहुधा एखाद्या कुटुंबाचे किंवा भावकीचे असते. ह्या शेवटच्या भेदाकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आज बावखलांविषयी जे प्रश्न उभे आहेत त्यांतील बहुतेकांचे मूळ तेथे आहे.

उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीची वसई खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चौकटीत आपला प्रदेश वसला आहे. आगाशी, नंदाखाल, उमराळे, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज, सांडोर ही गावे समुद्रापासून फार दूर नाहीत, आणि तरीही तेथे केळी, पानवेली, फुले व भाजीपाला पिढ्यान् पिढ्या पिकत आला. तीन बाजूंनी खारे पाणी असताना मधल्या जमिनीत गोडे पाणी टिकले कसे, ह्याचे उत्तर समजल्यावाचून बावखलाचे महत्त्व समजत नाही.

गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित हलके असते. समुद्राच्या पाण्याची घनता गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के अधिक असते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. घायबेन व हर्झबर्ग ह्या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे, भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा 1 मीटर उंच असेल तर तिच्याखाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोड्या पाण्याचा थर असू शकतो. हा हिशेब उलट्या बाजूनेही लागू पडतो, आणि तेथेच धोका आहे. उपसा करून वरची पातळी 1 मीटरने खाली आणली तर खालचे खारे पाणी कित्येक मीटर वर चढू पाहते. प्रत्यक्षात खडक व मातीचे थर मध्ये येतात, त्यामुळे गणित इतके सरळ नसते. परंतु दिशा तीच असते. बावखल पावसाळ्यात पाणी अडवून ते हळूहळू जमिनीत मुरविते व वरची पातळी उंच राखते. आपल्या पूर्वजांना हा नियम ठाऊक नव्हता, पण बावखल असलेल्या वाडीची विहीर वैशाखातही गोडी राहते हे ठाऊक होते.

एका बावखलात किती पाणी मावते ह्याचा अंदाज कोणासही काढता येईल. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर. समजा, एखादे बावखल 5 गुंठ्यांचे असून त्याची सरासरी खोली 3 मीटर आहे. तर त्यात सुमारे 1,500 घनमीटर, म्हणजे 15 लाख लिटर पाणी राहते. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर हे पाणी दीडशे टँकरांचे झाले. वसईत वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्यातील दोन तृतीयांश पाणी तर नुसते आकाशातून थेट बावखलात पडते. बाकीचे शेजारच्या वाड्या देतात.

विजेचे पंप येण्यापूर्वी बावखलातून व विहिरीतून पाणी काढण्याचे साधन रहाट हे होते. बैल किंवा रेडा गोल फिरे, रहाटाला बांधलेली गाडगी भरून वर येत व पन्हाळीत रिकामी होत, आणि तेथून पाटाने पाणी केळीच्या आळ्यापर्यंत जाई. ह्या साधनाची एक मर्यादा होती, व तीच त्याचा गुण ठरली : जनावर दमले की उपसा थांबे. रात्रीतून पाणी पुन्हा चढे. उन्हाळ्यात तळाचा गाळ काढून तो वाडीत पसरण्याची रीत होती. त्यामुळे झाडांना खत मिळे आणि झरे मोकळे होत. काठावरच्या भेंडी, उंबर व माडांच्या मुळांनी माती धरून ठेवली जाई. पाण्यात मासे, काठावर पाणपक्षी, आणि दुपारी पोहावयास आलेली मुले. आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कित्येकांना पोहावयास बावखलानेच शिकविले आहे.

बावखलांच्या ऱ्हासास कोणी एक मनुष्य किंवा एक वर्ष कारण झालेले नाही. प्रथम पंप आला व रहाट मोडीत निघाला. पंप दमत नाही, ही सोय खरी, पण तो पाणी चढण्याची वाटही पाहत नाही. त्यानंतर शेतीतील उत्पन्न घटत गेले, मुले शिकली, मुंबईस व आखातात नोकरीस लागली, आणि बावखलाचा गाळ काढण्यास माणूस मिळेनासा झाला. ज्या तळ्यास पाच वर्षे कोणी हात लावला नाही ते जलपर्णीने भरते, डास होतात, शेजारी तक्रार करतात, कोणी रात्री कचरा आणून टाकतो. मग 'हे घाणेरडे डबके बुजवूनच टाका' असे म्हणणारे घरातच निघतात. बिल्डर येतो तो ह्यानंतर. सर्व दोष बिल्डरच्या माथी मारण्याची आपल्याकडे सवय आहे. बावखलाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे.

उरलेली अर्धी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईची जमीन मोठ्या प्रमाणावर बांधकामास खुली होऊ लागली. 1990 मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. रेल्वेच्या दोन्ही अंगांस इमारती उभ्या राहिल्या, परंतु त्यांना नळाचे पाणी नव्हते, आणि पश्चिम पट्ट्यातील गोड्या विहिरींचे पाणी टँकरने त्यांच्याकडे जाऊ लागले. ह्याच काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून जमीन व पाणी ह्यांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. त्या लढ्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, पाणी हा केवळ शेतकऱ्याचा प्रश्न नसून साऱ्या तालुक्याचा आहे हे त्या लढ्यामुळे प्रथम सर्व समाजांच्या ध्यानी आले.

3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. गावांनी विरोध केला. 2011 मध्ये शासनाने 29 गावे वगळण्याची अधिसूचना काढली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले व वर्षानुवर्षे रेंगाळले. 2024 मध्ये शासनाने ती अधिसूचना मागे घेतली आणि गावे महापालिकेतच राहिली. ह्या पंधरा वर्षांत बावखलांची अवस्था 'ना घर का ना घाट का' अशी झाली. ग्रामपंचायत संपली होती, ग्रामसभा भरत नव्हती. आणि आपण पालिकेत राहणार की नाही हेच गावांना ठाऊक नव्हते. बुजविण्याचे काम करणाऱ्यांना मात्र कोणत्याच निकालाची वाट पाहावी लागली नाही.

पूर आणि बावखल

जुलै 2018 मधील पूर वाचकांच्या स्मरणात असेल. 10 जुलैच्या सुमारास नालासोपारा येथे रुळांवर पाणी चढले, विरारची रेल्वे वाहतूक बंद पडली, कित्येक भागांत वीज नव्हती व पाणी ओसरण्यास दिवस लागले. त्यानंतर महापालिकेने 'नीरी' व आय.आय.टी. मुंबई ह्यांच्या तज्ज्ञांची सत्यशोधन समिती नेमली. तिच्या शिफारशींमध्ये पावसाचे पाणी तात्पुरते सामावून घेणारे धारण तलाव निर्माण करण्याची शिफारस होती. आता धारण तलाव म्हणजे काय? भरतीच्या वेळी खाडी पाणी स्वीकारीत नाही, तेव्हा ते पाणी काही तास थांबविण्यासाठी केलेला खोलगट भाग. थोडक्यात, पश्चिम पट्ट्यातील प्रत्येक वाडीत जे होते तेच. कोट्यवधी रुपये खर्चून नवे तळे खोदावे आणि त्याच वर्षी जुन्यांवर भराव पडू द्यावा, हा व्यवहार प्रस्तुत लेखकास समजलेला नाही.

कायदा काय सांगतो

ह्याविषयी लोकांत बराच गैरसमज आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये हिंच लाल तिवारी विरुद्ध कमला देवी ह्या खटल्यात तळी, वने, टेकड्या ही समाजाची संपत्ती असून तिचे रक्षण झाले पाहिजे असे म्हटले. 2011 मधील जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य ह्या निकालात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी योजना आखण्याचा आदेश सर्व राज्यांना देण्यात आला. हे दोन्ही निकाल सभांमधून नेहमी सांगितले जातात. परंतु ते सार्वजनिक व सामाईक तळ्यांविषयी आहेत. सातबारावर ज्याची नोंद खाजगी मालकीची आहे अशा बावखलास ते जसेच्या तसे लागू होतील असे गृहीत धरता येत नाही.

पाणथळ जागांविषयीचे 2017 चे केंद्रीय नियम आहेत. त्यांतही एक अडचण आहे : पिण्याच्या पाण्यासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठागरासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेल्या मानवनिर्मित जागा त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. बावखल सिंचनासाठी खोदलेले, म्हणजे ते बाहेर, असा युक्तिवाद होऊ शकतो. 2022 मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर योजनेत तळे किमान एक एकराचे, म्हणजे 40 गुंठ्यांचे असावे लागते. आपली बहुतेक बावखले त्यापुढे फारच लहान. अशा प्रकारे हा जलसाठा प्रत्येक चाळणीच्या भोकातून खाली पडतो.

तेव्हा उरतो तो कागदाचा मार्ग, आणि तो कंटाळवाणा असला तरी निरुपयोगी नाही. बावखलाखालची जमीन सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून दाखविली आहे काय, ते गाव नकाशावर किंवा गट नकाशावर आहे काय, शेजाऱ्यांच्या पाणी घेण्याच्या हक्काची 'इतर हक्क' ह्या रकान्यात नोंद आहे काय, हे तलाठी कार्यालयात व भूमी अभिलेख कार्यालयात पाहता येते. त्याहून महत्त्वाचा आहे विकास आराखडा. आराखड्यावर जी जागा जलाशय म्हणून दाखविलेली नसते तेथील तळे अधिकाऱ्याच्या दृष्टीने नसतेच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर ठरावीक मुदतीत नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. त्या वेळी धावपळ करण्यापेक्षा आजच प्रत्येक धर्मग्रामातील तरुणांनी आपापल्या आळीतील बावखलांची यादी, गट क्रमांक, अंदाजे क्षेत्र व छायाचित्रे जमवून ठेवल्यास हरकत सबळ होते. मोबाईल फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. अर्ध्या दिवसाचे काम.

मालकाची बाजू मात्र विसरता कामा नये. पाच गुंठे बावखल ज्याच्या वाट्यास आले त्याच्या भावाने आपले पाच गुंठे विकून घर बांधले, आणि ह्याने पाणी राखले म्हणून ह्याच्या हाती काही नाही, ही स्थिती न्याय्य नाही. शेजारच्या दहा वाड्यांच्या विहिरी त्याच्या पाण्यावर गोड राहतात, पण गाळ काढण्याचा खर्च त्याचा एकट्याचा. मालमत्ता करात सवलत, गाळ काढण्यास पालिकेची यंत्रे, किंवा पाणी राखल्याबद्दल वार्षिक मोबदला असे काही उपाय प्रशासनाकडे मागता येतील. भावकीतील वारसांची संख्या वाढलेली असते व सर्वांच्या सह्या मिळत नाहीत, ही निराळी डोकेदुखी. तेथे वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी केल्यास कोर्टापेक्षा लवकर मार्ग निघतो.

ज्यांच्याकडे बावखल आहे त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन गोष्टी. गाळ काढण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत, पाणी सर्वांत कमी असताना करावे. यंत्राने काढावयाचे असल्यास तळ फार खोल खणू नये, कारण समुद्राजवळच्या गावांत खारे पाणी हाताच्या अंतरावर असते. काढलेला गाळ काठावर ढिगाने ठेवला तर पहिल्याच पावसात तो परत आत जातो, म्हणून तो वाडीत पसरावा. आणि घरातील सांडपाण्याची मोरी बावखलात सोडली असेल तर ती प्रथम बंद करावी, मग जलपर्णी काढावी. उलट क्रमाने केलेले काम पुढच्या दिवाळीपर्यंतही टिकत नाही.