बांबू : गवत की झाड?

वनस्पतिशास्त्र बांबूला गवत मानते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला ‘झाडा’च्या व्याख्येत बसवले, झाड म्हणून त्यावर वनखात्याचा ताबा राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकायला वाहतूक परवाना लागे, तो वनखात्याच्या हाती. अभ्यासगटात कायदा समजून घेणाऱ्या आणि सर्वसहमतीनेच निर्णय करणाऱ्या या गावाने आग्रह सोडला नाही. एप्रिल २०११ मध्ये परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. वर्गीकरण शिकवताना हेही सांगावे : एका व्याख्येवर गावाची मजुरी किंवा मालकी ठरते.